रुगर, सीझेड की केलटेक? ९ एमएम कारबाईनबद्दल एका जुन्या उस्तादाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे मूळचे गुहागरचे, नोकरीसाठी एच-१बी व्हिसावर ह्यूस्टनला गेलेले. मित्रांबरोबर रेंजवर जायला लागलेत, आणि आता स्वतःची ९ एमएम कारबाईन, म्हणजे पिस्तुलाची गोळी झाडणारी छोटी रायफल, घ्यायची आहे. रुगर पीसी कारबाईन, सीझेड स्कॉर्पियन आणि केलटेक सब-२००० या तिघींत जास्त अचूक कोणती? आणि पुढेमागे घरी परतलो तर ती गुहागरला आणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, ते आधी देतो. नाही. ९ एमएम हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, तो फौज आणि पोलिसांचा. आपल्या कोकणात वानर-डुकरांपायी शेती संरक्षणाचा परवाना मिळतो तो बारा बोअरसाठी, नाहीतर जुन्या ठासणीच्या बंदुकीसाठी. तीही दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करून यायची. तेव्हा जी घ्याल ती तिकडेच वापरायची आणि येताना तिकडेच विकायची, हे धरून चाला.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती बंदुकीच्या आधी येते. एच-१बी हा तिथल्या कायद्याच्या भाषेत कायम वास्तव्याचा व्हिसा नाही. अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. यातून सुटण्याचे अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे तिथल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. खिशात तो असला की मार्ग मोकळा. मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो, व्हिजिटर व्हिसावर. त्याने मला पहिल्या आठवड्यात रेंजऐवजी क्रीडासाहित्याच्या दुकानात नेलं आणि काउंटरवर शिकारीचा परवाना काढायला लावला. आयुष्यात मी कावळ्यालासुद्धा दगड मारलेला नाही, आणि पासष्टाव्या वर्षी शिकारी झालो. तुमचे मित्र कदाचित ग्रीन कार्डवाले किंवा नागरिक असतील, त्यांना हे माहीतही नसेल. दुकानात जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतात त्यात हा प्रश्न असतोच, आणि तिथे चुकीची खूण करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेतलीत तरी नियम हाच. राज्याराज्यांचे कायदेही वेगळे आहेत. टेक्सासात चालतं ते कॅलिफोर्नियात चालेलच असं नाही, तिथे मॅगझिन दहा गोळ्यांपलीकडे चालत नाही. बदली झाली तर पुन्हा चौकशी करा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय अचूकता, पण या तिघींत निवड अचूकतेवर होतच नाही. टेकून बसून पन्नास यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाडल्या तेव्हा माझ्या हातून रुगरचं ग्रुपिंग, म्हणजे पाच भोकांचा पसारा, साधारण दोन इंचांचं आलं, स्कॉर्पियनचं अडीच, केलटेकचं तीन-साडेतीन. काडतूस बदललं की हे आकडे एकमेकांत मिसळतात. ज्या कामासाठी ही बंदूक घेतात, म्हणजे पंचवीस-पन्नास यार्डांवर कागद नाहीतर लोखंडी ताटल्या, त्याला तिन्ही पुरतात. फरक पडतो तो गोळी सुटल्यावर बंदूक खांद्यात काय करते, आणि पुढच्या गोळीला शिस्त, म्हणजे नेम, परत किती लवकर बसते यात. हे सगळं बोल्टच्या, म्हणजे गोळीच्या पाठीमागे मागेपुढे धावणाऱ्या लोखंडी गड्ड्याच्या, हाती असतं.

मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, त्यातली काही वर्षं वेपन ट्रेनिंगचा उस्ताद. आमच्या हातातली ९ एमएम कारबाईन म्हणजे कानपूरला बनणारी, मूळची ब्रिटिश स्टर्लिंग. मॅगझिन डाव्या अंगाला आडवं, चौतीस गोळ्यांचं. रिकामी असताना वजन पावणेतीन किलोच्या आत, बॅरल जेमतेम आठ इंच. तिची गंमत अशी की ती उघड्या बोल्टवर झडते. कॉक केली की बोल्ट मागे अडकून राहतो, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, रिकामंच असतं. ट्रिगर दाबला की तो सगळा लोखंडी गड्डा धावत पुढे येतो, वाटेत गोळी उचलतो, चेंबरमध्ये कोंबतो आणि तिथेच फोडतो. पावसाळ्यात वाऱ्याने पडवीचं दार धाडकन आपटतं ना, त्या दारावर हात ठेवून कोणी सुईत दोरा ओवायला सांगावं तसं ते. गोळी फुटायच्या आधीच नळी हलते. रंगरुटांना मी सांगायचो, ट्रिगर दाबलास म्हणजे गोळी गेली असं समजू नकोस, दार आपटेपर्यंत शिस्त सोडायची नाही. ज्याला हे कळलं त्याच्या फिगर टार्गेटवर गोळ्या एका ताटात यायच्या, बाकीच्यांच्या मातीच्या ढिगात.

तुम्ही बघताय त्या तिन्ही बंद बोल्टवर झडतात. गोळी आधीच चेंबरमध्ये, बोल्ट पुढे, ट्रिगरने फक्त घोडा सुटून पिनवर पडतो. म्हणून पहिली गोळी नेम धरला तिथे जाते. पण गोळी गेल्यावरचं गणित तिघींचं स्टर्लिंगसारखंच. मोठ्या रायफलीत बोल्टला कुलूप असतं, दाब उतरेपर्यंत तो उघडत नाही. इथे कुलूप नाही. मागून रेटणाऱ्या टरफलाला थोपवायला फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंग. त्यामुळे बोल्ट अर्धा-पाऊण किलोचा ठेवावा लागतो, आणि तो गड्डा दर गोळीला मागे जाऊन आपटतो, पुढे येऊन आपटतो. पिस्तुलाची गोळी म्हणजे धक्का कमी, ही समजूत पहिल्याच मॅगझिनमध्ये गळून पडते. फौजी ५.५६ एमएम रायफलीची गोळी हिच्या तिप्पट ताकदीची, पण मला खांद्याला ती जास्त सभ्य वाटली.

आता एकेकीबद्दल, पण सारख्या मापाने नाही, कारण माझा वेळही सारखा गेला नाही. मुलाचा शेजारी त्यांच्या फौजेतून निवृत्त झालेला सार्जंट, माझ्याच वयाचा. त्याची रुगर आणि केलटेक, रेंजवर भाड्याने मिळाली ती स्कॉर्पियन. अमेरिकेच्या दोन वाऱ्यांत मिळून हजारेक गोळ्या झाल्या असतील, त्यातल्या निम्म्याहून जास्त रुगरमधून.

रुगर २०१७ च्या अखेरीस आली. वजन तीन किलोच्या थोडं वर, बॅरल सोळा इंचांहून किंचित मोठी, आणि मधोमध पिळून दोन तुकडे होतात. तिच्या बोल्टमध्ये टंगस्टनचं एक सैल वजन ठेवलंय. बोल्ट मागे आपटतो त्या क्षणी ते वजन आत एक पाऊल उशिरा पोचतं आणि आपटण्याची धार मारतं. कागदावर वाचलं तेव्हा मला ही जाहिरातबाजी वाटली होती. मग एका सकाळी सार्जंटने रुगर आणि एआर-१५ रायफलीच्या साच्याची एक साधी ९ एमएम अशा दोन्ही, एकाच काडतुसाने, आलटून पालटून माझ्या हातात दिल्या. दुसरीत नेमाच्या दुर्बिणीतला लाल ठिपका दर गोळीला ताटलीच्या बाहेर उडत होता. रुगरमध्ये तो ताटलीच्या वरच्या कडेपर्यंत जाऊन परत बसत होता. एवढाच फरक, पण सहा ताटल्या पाडायच्या असतील तर तो सहा वेळा मिळतो. शिवाय मागचं गोल भोक, पुढची पाती ही तिची नेम धरायची लोखंडी सोय फौजी डोळ्याला लगेच कळते. कॉकिंग हँडल आणि मॅगझिनचा खटका डावीकडे फिरवून घेता येतो, डावखुरे असाल तर हे महत्त्वाचं. मॅगझिनची विहीर बदलून ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिनंही चालतात. पहिले दोन दिवस मात्र माझा डावा हात सवयीने बाजूला मॅगझिन शोधत होता, सार्जंट हसून हसून बेजार.

केलटेक सब-२००० वर मन बसणं स्वाभाविक आहे. पंचाच्या घडीसारखी मधोमध दुमडते, दोन किलोसुद्धा भरत नाही, लॅपटॉपच्या पिशवीत मावते. पण दस्ता म्हणजे नुसता एक पाईप आणि बोल्ट त्याच पाइपात, तुमच्या गालाखाली, मागेपुढे धावतो. दर गोळीला गालफडावर टिचकी. पन्नास गोळ्यांनंतर सुनेने विचारलं, बाबा, गालाला काय चावलं? ट्रिगर लांब आणि रबरी. जुन्या बनावटीत वर लाल ठिपक्याची दुर्बीण लावली की घडी होत नाही, नव्या तिसऱ्या पिढीत ती बाजूला फिरते म्हणतात, ती मी वापरलेली नाही. घडीची खरंच गरज असेल, म्हणजे दुचाकीवरून रेंजला जाताय किंवा घरात जागा नाही, तर घ्या. नुसती गंमत म्हणून घेतलीत तर तीन महिन्यांत कपाटात जाईल.

स्कॉर्पियन हातात घेताच आवडली. तोल छान, दस्ता लांबी कमीजास्त होणारा, मॅगझिन स्वस्त आणि भरवशाचं, पण तिचंच, दुसऱ्याचं चालत नाही. धक्का रुगरपेक्षा थोडा तिखट. एक दोष सगळ्यांना भोवतो असं नाही, मला भोवला: सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना आहे आणि उजवीकडचा ट्रिगरच्या बोटाच्या मुळाशी घासतो. दोनशे गोळ्यांनंतर तिथे फोड. त्या जागी बसणारा बारीक खटका मिळतो, बदलून घेतात लोक. हीच बंदूक छोट्या नळीच्या रूपातही दुकानात दिसेल. तिच्या वाटेला जाऊ नका. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली वेगळी नोंदवावी लागते, आणि तुमच्या व्हिसावर कागदपत्रांचा एकच घोळ पुरे.

या तिघींच्या पलीकडे एक जात आहे, तिचा उल्लेख करतो कारण रेंजवर कोणीतरी तुम्हाला मोहात पाडणारच. एमपी५ या जर्मन बंदुकीच्या घराण्यात बोल्टला दोन रोलर असतात, ते बोल्टला उघडायला उशीर करायला लावतात. सिगच्या एमपीएक्समध्ये तर रायफलीसारखा गॅस पिस्टन आणि फिरून कुलूपबंद होणारा बोल्ट. दोन्हींत जड गड्ड्याची गरज नाही, त्यामुळे धक्का खरोखर मऊ. एमपी५ च्या साच्याची एक मी झाडली, आणि लोण्यातून सुरी जावी तशी वाटली. मात्र शेवटची गोळी गेल्यावर तिचा बोल्ट मागे थांबत नाही, मी दोनदा रिकाम्या चेंबरवर शिस्त धरून बसलो. आणि किंमत रुगरच्या दुपटीहून जास्त. पहिल्या बंदुकीला नको.

अंतराबद्दल थोडं, कारण इथे नवे लोक फसतात. लांब नळीने ९ एमएमची रायफल होत नाही. पिस्तुलातून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास सुटणारी ११५ ग्रेन वजनाची गोळी सोळा इंचांच्या नळीतून चारशेच्या घरात जाते, बस. पन्नास यार्डांवर शून्य बांधलंत, म्हणजे ठिपका आणि गोळी त्या अंतरावर एकाच जागी येतील असं जुळवलंत, तर शंभरावर ती चार-पाच इंच खाली उतरते, आणि त्यापुढे पागोळीच्या पाण्यासारखी खालीच. उलट बाजूनेही गंमत आहे. लाल ठिपका नळीच्या दोन-सव्वादोन इंच वर बसलेला असतो, त्यामुळे सात यार्डांवरच्या ताटलीत गोळी दीड इंच खाली लागते. मी पहिल्या दिवशी बंदुकीला शिव्या देत ठिपका फिरवत बसलो होतो, चूक माझी होती. शून्य पन्नासला बांधा, मग पाच, दहा, पंचवीस, शंभर अशा अंतरांवर कागद लावून गोळी कुठे जाते ते लिहून ठेवा. आमच्या स्टर्लिंगला मागे दोनच भोकं होती, शंभर यार्ड आणि दोनशे यार्ड. दोनशेचं भोक वापरून मारलेला माणूस मी अजून बघितलेला नाही, टार्गेटसुद्धा नाही.

आता तुमच्यासारख्या कोकणच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण ह्यूस्टनची हवा आपल्यासारखीच आहे. खाडी जवळ, घाम सुकत नाही. तिथले लोक बंदूक फोमच्या छान पेटीत ठेवतात. रेंजवर जाताना ती पेटी ठीक, ठेवायला नको. फोम ओल धरतो. आमच्या वडलांची एकनळी कॅनव्हासच्या गवसणीत असायची. एका वर्षी ज्येष्ठात गवसणीत घातली ती नवरात्रात काढली, तर नळीवर गवसणीच्या शिवणीची रांग तांबेऱ्याने उमटलेली. वडील तिला खोबरेल लावायचे. दापोलीत थंडी ती काय असणार, पण पौषात तेच खोबरेल गोठून घोड्याच्या फटीत पांढरं बसायचं, आणि पुढे चिकट राळ. तुम्ही बंदुकीचंच तेल वापरा, पातळ हाताने. या ब्लोबॅक, म्हणजे बोल्टला कुलूप नसलेल्या, बंदुका तशाही घाण करतात, नळीतला धूर मागे येतो, शंभर गोळ्यांनंतर बोल्टचं तोंड चुलीच्या वैलासारखं काळं. रेंजवरून आलात की त्याच रात्री चिंदी फिरवा. पेटी उघडी ठेवा, लोखंडी कपाटात सिलिका जेलची मोठी पिशवी टाका, आणि कपाटाला कुलूप. घरात लहान मूल असेल तर काडतुसं दुसऱ्या कुलपात.

तर मी काय घेईन? तुमच्याकडे अजून पिस्तूल नसेल, उंची मध्यम असेल आणि महिन्यातून दोनदा ताटल्या पाडायच्या असतील तर रुगर, आणि तीही दस्त्यामागच्या फळ्या कमीजास्त करून स्वतःच्या हाताला बसवून. त्या फळ्यांकडे लोक बघतसुद्धा नाहीत. आपल्याकडच्या सरासरी उंचीला एखादी काढावी लागते. बंदूक कोपरापासून ट्रिगरपर्यंत धरून बघा, बोट ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे, मान ताणून दस्त्याला गाल भिडवावा लागता कामा नये. मित्रांकडे आधीच स्कॉर्पियन असतील, मॅगझिन एकमेकांत फिरणार असतील, तर तीही घ्या, खटका बदला. केलटेक कधी ते वर सांगितलंच.

पण पैसे देण्याआधी एवढं करा. शिकारीचा परवाना आला की रेंजवर रुगर आणि स्कॉर्पियन दोन्ही भाड्याने घ्या. एकाच जातीचं काडतूस, प्रत्येकीला पन्नास. आधी पंचवीस यार्डांवर टेकून पाच गोळ्या, मग उभं राहून दोन-दोनच्या जोड्या, पहिलीनंतर ठिपका परत बसला की लगेच दुसरी. कागद फेकू नका, दोन्हींचे फोटो इथे टाका. जोडीतली दुसरी गोळी सारखी वर-उजवीकडे जात असेल तर बंदुकीचा दोष शोधण्याआधी तुमचा डावा हात कुठे आहे ते मला सांगा.